‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ : झोपेची वही भरून डॉक्टरांना नेमकं काय कळतं?

सावरी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, आम्ही सांगलीत. गेलं वर्षभर त्यांचं एकच पालुपद, "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." फॅमिली डॉक्टरांनी मधूनमधून घ्यायला म्हणून झोपेची अर्धी गोळी दिली होती, ती कधी रोजची झाली ते आम्हालाही कळलं नाही. शेवटी निद्राविकार बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं होतं डोक्याला वायरी लावून तपासणी करतील. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले आणि हातात एक तक्ता ठेवला. दोन आठवडे रोज सकाळी भरा, मग या. गोळीत बदल नाही, तपासणी नाही. बाहेर पडल्या पडल्या सासूबाई म्हणाल्या, "फी घेऊन वर गृहपाठ दिला मेल्यानं."

आता माझ्या शंका. रात्री जाग आली की घड्याळ बघून लिहून ठेवायचं का? नवऱ्याने हौसेनं त्यांच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ बांधलंय, ते सहा तास झोप दाखवतं. त्या म्हणतात, दोन तास. कुणाचं खरं धरायचं? आणि मुळात झोपलेल्या माणसाला आपण झोपलोय हे कळत नाही, मग त्यानंच लिहिलेल्या तक्त्यावरून निदान कसं करतात?

चहाबाज | सोमवार, रात्री ११.५२

वाचनखूण साठवली. झोप येत नाही म्हणून तर इथे पडीक असतो.

गोधडी | मंगळवार, सकाळी ७.३०

सावरी, मी याच विषयातला डॉक्टर आहे, पुण्यात. तुमच्या सासूबाईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे जे लिहितोय ते सर्वसाधारण समजा.

आधी घड्याळाचं. रात्री घड्याळ अजिबात बघायचं नाही. शक्य असेल तर खोलीतलं घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. जाग आल्यावर "अरे देवा, अडीच वाजले" हे एकदा मनात आलं की पुढचा तासभर गेलाच. तक्ता सकाळी भरायचा, उठल्यापासून तासाभराच्या आत, आठवेल तसा, अंदाजाने. मिनिटाचा हिशोब कुणी मागत नाही. "झोप लागायला अर्धा तास लागला असेल" एवढं पुरतं.

पूर्वी प्रत्येक दवाखान्याचा तक्ता वेगळा असे. २०१२ साली निद्रानाशावर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून एक सामाईक नमुना ठरवला, आता बहुतेक ठिकाणी त्याचंच कुठलं तरी रूप वापरतात. त्यात विचारतात ते असं: बिछान्यात कधी गेलात, झोपायचा प्रयत्न कधी सुरू केलात, झोप लागायला किती वेळ लागला, मध्ये किती वेळा जाग आली आणि ते सगळं मिळून किती वेळ जागे होतात, शेवटची जाग कधी, बिछान्यातून उठलात कधी, झोप कशी वाटली. आणि शेवटी शेरा.

पहिले दोन प्रश्न लोकांना एकच वाटतात. ते एक नाहीत. नऊ वाजता बिछान्यात जाऊन साडेदहापर्यंत मोबाइल किंवा मालिका बघणारा माणूस "मला दीड तास झोप लागत नाही" म्हणतो. तो दीड तास झोपायचा प्रयत्नच करत नसतो. हा फरक तोंडी विचारून सहसा निघत नाही, तक्त्यात लगेच दिसतो.

निदानाचं म्हणाल तर निद्रानाश हे निदान मुळातच माणसाच्या तक्रारीवर उभं आहे. झोप लागायला किंवा मध्ये जाग आल्यावर पुन्हा लागायला साधारण अर्ध्या तासाहून जास्त वेळ, आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा त्याहून जास्त, आणि त्यामुळे दिवसा त्रास. यातलं काहीही एका रात्रीत मोजता येत नाही. वायरी लावून केलेली तपासणी एका रात्रीची असते, तीही परक्या खाटेवर. पहिल्या रात्री प्रयोगशाळेत बहुतेकांची झोप बिघडतेच. म्हणून नुसत्या निद्रानाशासाठी ती तपासणी सहसा करत नाहीत. श्वास अडकत असल्याची शंका असेल, झोपेत हातपाय झाडत असतील, तर गोष्ट वेगळी.

तर्ककर्कश | मंगळवार, सकाळी १०.०५

डॉक्टरांबद्दल आदर ठेवून लिहितो. रुग्णानं भरलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा हे मला पटत नाही.

२००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला होता. जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी डायरी दिली, आणि फाइलमध्ये त्यांच्या नकळत प्रकाश ओळखणारं यंत्र बसवलं. फाइल उघडली की नोंद. रुग्णांनी परत आणलेल्या डायऱ्यांप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळच्या वेळी केलेल्या होत्या. यंत्रानुसार खऱ्या वेळेवर झालेल्या फक्त ११ टक्के. काही दिवस तर फाइल उघडलेलीच नव्हती आणि त्या दिवसांच्या नोंदी मात्र भरलेल्या. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर बसून पंधरवडा उरकायचा. शाळेत आपण निसर्गनिरीक्षणाची वही अशीच भरायचो.

चहाबाज | मंगळवार, सकाळी १०.२०

निसर्गनिरीक्षण 😂 'आज आकाश निरभ्र होते' तीस वेळा.

गोधडी | मंगळवार, दुपारी १.४५

तर्ककर्कश, अभ्यास खरा आहे आणि मुद्दा रास्त आहे. बाकावर भरलेला तक्ता मी हातात घेतल्या घेतल्या ओळखतो. सगळीकडे एकच पेन, एकच अक्षर, रोज रात्री दहा आणि सकाळी सहा. खरा तक्ता गबाळा असतो. एखादा दिवस कोरा, कुठे चहाचा डाग, शनिवारच्या रकान्यात "लग्नाला गेलो होतो". कोरा दिवस मला चालतो. रचलेला दिवस चालत नाही. म्हणून मी सांगतो, राहिला तर राहू द्या, मागाहून आठवून भरू नका.

पण मनगटावरच्या घड्याळाला तुम्ही निःपक्षपाती साक्षीदार समजत असाल तर थांबा. ते हालचाल आणि नाडी बघून झोपेचा अंदाज बांधतं. माणूस निश्चल पडून छताकडे बघत असेल, तर पुष्कळदा तो वेळ झोपेत जमा होतो. झोप ओळखण्यात ही यंत्रं बरी आहेत, जागेपण ओळखण्यात कच्ची. आणि निद्रानाशाच्या माणसाचा सगळा त्रास या निश्चल जागेपणाचाच असतो.

म्हणून 'घड्याळ सहा, सासूबाई दोन' यात खरं कोण हा प्रश्न मी विचारतच नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवतो. काही जणांच्या बाबतीत तपासणीत झोप चांगली सहा-सात तास दिसते आणि तरी त्यांना मनापासून वाटतं की आपण जागेच होतो. ते खोटं बोलत नसतात. त्यांना तसंच जाणवतं, आणि निद्राविकारांत या प्रकाराची वेगळी दखल घेतलेली आहे. तिथे गोळी वाढवून काही साधत नाही.

भूगोलवेडा | मंगळवार, दुपारी ३.३०

थोडं अवांतर. अंधारात वेळेचा अंदाज किती चुकतो याचं माझं आवडतं उदाहरण मिशेल सिफ्र या फ्रेंच भूवैज्ञानिकाचं. १९६२ साली हा पठ्ठ्या स्कारासोंच्या गुहेत घड्याळाशिवाय, सूर्यप्रकाशाशिवाय राहायला गेला. १६ जुलैला आत गेला. १४ सप्टेंबरला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशोबानं २० ऑगस्ट चालू होता. त्याचं शरीर मात्र झोप-जाग यांचं चक्र साधारण चोवीस तासांच्या आसपासच फिरवत होतं. म्हणजे अंदाज भलताच चुकला तरी लय शाबूत होती. डायरीचंही तसंच असावं का? मिनिटं चुकीची, आकृती बरोबर?

गोधडी | मंगळवार, दुपारी ४.००

हो, मला तेच म्हणायचंय. मिनिटांकडे मी फारसं बघत नाही. चौदा ओळी एकाखाली एक आल्या की जी आकृती दिसते तिच्याकडे बघतो.

सावरी | मंगळवार, रात्री ८.४०

सगळ्यांचे आभार. घड्याळ काढून नवऱ्याच्या हातात दिलंय, सासूबाई खूश.

आजची एक ओळ देते. बिछान्यात ९.००. दिवा घालवला ९.३०. झोप लागायला दीड तास. मध्ये तीनदा जाग, मिळून एक तास. शेवटची जाग ४.३०. बिछान्यातून उठल्या ६.००. झोप कशी वाटली: वाईट. शेरा: 'काही नाही'. त्यांना लिहायला नको वाटतं म्हणून मी सकाळच्या चहाबरोबर विचारून लिहिते. चालेल ना?

आणि दुपारी जेवणानंतर दोन ते साडेतीन लवंडतात. तक्त्यात दुपारची जागाच नाही, म्हणून लिहिलं नाही.

गोधडी | मंगळवार, रात्री ९.२५

तुम्ही विचारून लिहिणं चालेल. फक्त "काल बरी लागली होती ना?" असं विचारू नका, आणि त्या सांगतील ते दुरुस्त करू नका. "अहो, तुम्ही घोरत होतात की" हे वाक्य शेऱ्यात तुमच्या नावानं लिहा, त्यांच्या आकड्यात मिसळू नका.

दुपारचं मात्र लिहा. नसेल जागा तर समासात लिहा. आता या एका ओळीत काय दिसतं बघा. रात्री अकरा ते साडेचार म्हणजे साडेपाच तास, त्यातून जागा असलेला एक तास वजा. झोप झाली साडेचार तास. बिछान्यात मात्र नऊ ते सहा, म्हणजे नऊ तास. झोपेला बिछान्यातल्या वेळाने भागायचं आणि शंभरने गुणायचं, याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. इथे ती आली ५० टक्के. साधारण ८५ च्या पुढे असली तर ठीक मानतात. यात दुपारचा दीड तास मिळवला की चोवीस तासांतली झोप सहा तास झाली. "मला झोपच लागत नाही" आणि "सहा तासांची झोप साडेदहा तासांच्या लोळण्यात पसरली आहे" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

एका ओळीवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच वर म्हणालोय. पण दोन आठवडे असंच दिसलं तर काय करतात ते सांगतो. बिछान्यातला वेळ कमी करतात. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये ही पद्धत मांडली. डायरीतून सरासरी झोप काढायची, बिछान्यातला वेळ तेवढ्यावर आणायचा, सहसा पाच तासांच्या खाली नाही, आणि कार्यक्षमता सुधारली की पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत न्यायचा. त्याच्या जोडीला रिचर्ड बूटझिन यांचे १९७२ पासूनचे नियम: झोप आली तरच आडवं व्हायचं, लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, सकाळी उठायची वेळ पक्की. हे आणि झोपेबद्दलच्या धास्तीवर काम, असं मिळून सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठी सवयी आणि विचार बदलण्याची, उपचारपद्धती होते. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हीच द्या असं सांगितलं.

हे वाचून कुणी घरच्या घरी सुरू करू नका. पहिले काही दिवस दिवसा भयंकर पेंग येते. गाडी चालवणारे, फिट येणारे, बायपोलर आजार असणारे, पडायची भीती असलेले वयस्कर लोक, यांना हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोच. सासूबाईंच्या वयात बरेच जण एकदम न कापता हळूहळू वेळ आवळतात.

पिठलंभाकरी | मंगळवार, रात्री ११.१५

सावरी, त्या ४.३० चं कारण विचारलंत का? आमच्याकडे नळाला पाणी पहाटे पावणेपाचला येतं, तासभरच. माझी आई मी लहान असल्यापासून साडेचारला जागी होते, गजर न लावता. टाकी बसवून किती वर्षं झाली, तरी पाण्याचा आवाज ऐकू येतो म्हणते. तिच्या तक्त्यात 'शेवटची जाग ४.३०' लिहिलं तर डॉक्टर म्हणतील लवकर जाग येते, नैराश्य तपासा.

बायकांच्या तक्त्यात निम्म्या नोंदी दुसऱ्यांच्या असतात हे माझं मत आहे. पोराला शू, सासऱ्यांचं औषध, नवऱ्याची पहिली लोकल. 'किती वेळा जाग आली' असं विचारण्यापेक्षा 'कुणी जागं केलं' असं विचारायला हवं.

सावरी | बुधवार, सकाळी ६.५०

विचारलं. पाणी! आमच्याकडे पाणी पाचला. मला हे सुचलंच नसतं.

गोधडी | बुधवार, सकाळी ८.१०

पिठलंभाकरी, शेऱ्याचा रकाना खरं तर याच्यासाठीच आहे, पण तिथे 'काही नाही' लिहायची लोकांना सवय. तुमचा प्रश्न आजपासून माझ्या तक्त्यात घालतोय, परवानगी गृहीत धरून.

तिसरीपाळी | बुधवार, सकाळी ९.३०

आत्ताच कामावरून आलोय. चाकणला कारखान्यात आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. कंपनीच्या डॉक्टरांनी मलाही असलाच तक्ता दिला होता. 'काल रात्री किती वाजता झोपलात?' काल रात्री मी मशीनवर होतो साहेब. पाच दिवस तोच प्रश्न वाचून कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

गोधडी | बुधवार, दुपारी २.००

तुम्हाला चुकीचा कागद दिला. पाळीवाल्यांसाठी चोवीस तासांच्या चौकटींचा तक्ता असतो, आजच्या दुपारी बारापासून उद्याच्या दुपारी बारापर्यंत एक ओळ. झोपलेले तास पेन्सिलीनं काळे करायचे, आडवे झालात तिथे खाली बाण. अमेरिकन नमुन्यात चहाकॉफी, दारू, व्यायाम, औषध यांची एकेक खूण त्या त्या तासाला टाकतात. दोन पाळ्या तरी यात यायला हव्यात, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन आठवडे कमीच, तीन-चार भरा.

मग काळे पट्टे बोलायला लागतात. कुणाचा पट्टा पाळीबरोबर सरकतो पण तुटका असतो, दुपारी उकाडा आणि शेजारचा मिक्सर. कुणाचा पट्टा सुट्टीच्या दिवशी झटकन रात्रीकडे पळतो आणि सोमवारी पुन्हा परत, शरीराला कळत नाही कुठल्या गावात आहोत. कुणाचा रोज थोडा थोडा पुढे सरकत जातो, पाळीशी काही संबंध नसताना, हा वेगळा आणि विरळा विकार आहे. या तिन्ही माणसांची तोंडी तक्रार एकच असते: झोप नीट होत नाही.

तिसरीपाळी | बुधवार, दुपारी २.१०

शेजारचा मिक्सर 🙏 तुम्ही आमच्याच सोसायटीत राहता का?

विहीरबागायत | बुधवार, रात्री १०.३०

माझं पण पाळीचंच आहे, फक्त कंपनी नाही. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. कांदा, गहू उभा असला की रात्रीच्या आठवड्यात रानातच मुक्काम. लाइट येते, जाते, परत येते. मोटार चालू करा, दारं धरा, बिबट्याची भीती वेगळी. दिवसाची लाइट देऊ म्हणून सौर वाहिनीची योजना २०१७ पासून ऐकतोय, काही गावांना मिळाली, आमचा नंबर यायचाय. दिवसाच्या आठवड्यात घरी असलो तरी दोनला डोळे उघडतात. तालुक्याला दाखवलं तर टेन्शन घेऊ नका म्हणाले आणि गोळी दिली. ही वही आमच्यासारख्यानं कशी भरायची? रानात अंधारात लिहायचं का?

गोधडी | गुरुवार, सकाळी ७.५५

रानात नको. जेव्हा मुख्य झोप संपेल, मग ती सकाळी दहाला का असेना, तेव्हा चौकटी भरा. आणि वर ठळक लिहा, 'रात्रीची लाइट' किंवा 'दिवसाची लाइट'. त्या एका शब्दाविना तुमचा तक्ता बघणारा कुणीही डॉक्टर साधा निद्रानाश समजून गोळी लिहील. गोळी घेऊन रात्री विहिरीवर जाणं धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको. वैद्यकीय पुस्तकात पाळीच्या कामामुळे होणारा निद्राविकार असं स्वतंत्र निदान आहे. त्यात नर्स आणि कामगारांचीच उदाहरणं असतात, पण तुमचं चक्र त्याच जातीचं आहे.

बारावीचीआई | गुरुवार, दुपारी १२.२०

धागा वाचून मुलाचा तक्ता गुपचूप मीच भरायला घेतला (त्याला कळलं तर संपलंच). क्लास असेल तेव्हा झोपतो अडीचला, उठवते साडेसहाला. रविवारी झोपतो तीनला आणि उठतो दुपारी बाराला. आम्ही त्याला आळशी म्हणतो, तो म्हणतो मला आधी झोप येतच नाही. डॉक्टर, हा निद्रानाश की मोबाइलनाश?

गोधडी | गुरुवार, दुपारी ३.१५

झोपेचा मध्य काढा. क्लासच्या दिवशी अडीच ते साडेसहा, मध्य साडेचार. रविवारी तीन ते बारा, मध्य साडेसात. तीन तासांचा फरक. टिल रोएनेबर्ग या जर्मन संशोधकानं याला सामाजिक जेटलॅग म्हटलंय. तुमचा मुलगा विमानात न बसता दर आठवड्याला तीन तासांचा प्रवास करून येतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की रविवारी त्याला सोडून दिलं तर तो सलग नऊ तास झोपतो. निद्रानाशाच्या माणसाला मोकळीक मिळाली तरी अशी झोप लागत नाही. म्हणजे याची झोप शाबूत आहे, वेळ सरकली आहे. या वयात शरीराचं घड्याळ थोडं पुढे जातंच, मोबाइल त्यात तेल ओततो. हे ओळखायला क्लासचे आणि सुट्टीचे असे दोन्ही दिवस तक्त्यात हवेत, नाहीतर डॉक्टरांना अर्धंच चित्र दिसतं. सकाळचा उजेड, उठायची ठरलेली वेळ, गरज पडल्यास योग्य वेळी मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक), असे उपाय असतात. पण मेलाटोनिन दुकानातून आणून रात्री अकराला देऊ नका, चुकीच्या वेळी घेतलं तर उपयोग होत नाही. आणि तक्ता त्यालाच भरू द्या. अडीचला तो खरंच झोपतो की दिवा घालवून मोबाइल बघतो हे तुम्हाला दाराबाहेरून कसं कळणार?

घोरासुर | गुरुवार, रात्री ११.४०

माझी वही बघून डॉक्टर हसले होते. अकराला आडवा, पाच मिनिटांत झोप, जाग शून्य, उठणं सातला. आदर्श विद्यार्थी. आणि मी सिग्नलला स्टिअरिंगवर पेंगत होतो. बायकोनं शेऱ्यात लिहिलं होतं, 'श्वास थांबतो, मग म्हशीसारखा फुस्स करून सुरू होतो. मी जागी असते.' ते वाचून त्यांचं हसू थांबलं आणि वायरींची तपासणी लिहून दिली. तासाला तीसच्या वर अडथळे निघाले, म्हणजे गंभीर. आता रोज सीपॅपचं मशीन, म्हणजे हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारा मुखवटा, लावून झोपतो. दिसायला वैमानिक.

गोधडी | गुरुवार, रात्री ११.५५

घोरासुर यांचं उदाहरण मी रुग्णांना नेहमी देईन. सकाळी कोरडं तोंड, डोकेदुखी, रात्री लघवीला उठणं, तासन्‌तास झोपूनही दिवसा पेंग. असा तक्ता आणि असा माणूस समोर आला की डायरीचं काम तिथे संपतं. स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या या विकाराचं, निदान डायरीनं होत नाही, ते तपासणीनंच करायचं. दिवसाच्या पेंगेसाठी एपवर्थ प्रश्नावली आहे, १९९१ साली ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी केलेली. आठ प्रसंग, वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर वगैरे, पेंग येण्याची शक्यता प्रत्येकी शून्य ते तीन. बेरीज दहाच्या वर गेली तर पेंग नेहमीपेक्षा जास्त. ती डायरीला टाचून न्यावी.

आणि एक. बाजूला झोपणाऱ्याला विचारल्याशिवाय कुठलीही डायरी पूर्ण नाही. झोपेत स्वप्नाबरहुकूम हात चालवणारे, ओरडणारे, लाथा मारणारे लोक सकाळी 'जाग: शून्य' लिहितात. पन्नाशीनंतर असं नव्यानं सुरू झालं तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, पुढे पार्किन्सनसारख्या आजारांशी त्याचा संबंध असू शकतो.

पेन्शनर | शुक्रवार, पहाटे ४.१२

मला विरोधी मत नोंदवायचं आहे. वही भरायला लागल्यापासून माझी झोप आणखी बिघडली. पडल्या पडल्या मनात हिशोब चालू, आज टक्केवारी किती येणार. पूर्वी जाग यायची तेव्हा कूस बदलायचो, आता जाग मोजतो. मुलीनं आणलेल्या ॲपनं तर रोज सकाळी गुण द्यायला सुरुवात केली. सत्तरीत पुन्हा नापास.

चहाबाज | शुक्रवार, पहाटे ४.१५

काका, ४.१२ ची नोंद वहीत करा 😄 मी पण आहे.

गोधडी | शुक्रवार, दुपारी १.३०

पेन्शनरकाका, हे खरंच होतं. झोपेच्या यंत्रांचे आकडे गाठायच्या नादात झोप घालवून बसणाऱ्यांसाठी २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असं नावच काढलं. तुम्ही ॲप काढून टाका, टक्केवारी स्वतः काढू नका, ती डॉक्टरांचं काम. वहीसुद्धा कायमची नसते. दोन आठवडे भरायची, दाखवायची, उपचार चालू असतील तेवढे दिवस चालवायची, मग बंद. वर्षानुवर्षं झोपेची वही लिहिणारा माणूस मला भेटला तर मला त्याच्या झोपेपेक्षा वहीचीच काळजी वाटते. आणि तुम्हाला आठवडाभरात जास्त त्रास व्हायला लागला तर सरळ थांबवा, डॉक्टरांना तसं सांगा. तीही माहितीच आहे.

तर्ककर्कश | शुक्रवार, दुपारी २.२०

हे पटलं. रचलेल्या तक्त्याबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, पण कोरा दिवस चालतो हे रुग्णांना आधी सांगत असतील तर तो बराच बोथट होतो. बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. कागद हातात देतात आणि पुढचा नंबर.

सावरी | शनिवार, सकाळी १०.४५

दोन प्रश्न राहिले. डायरी भरायच्या काळात गोळी बंद ठेवायची का, म्हणजे 'खरी' झोप दिसेल? नवऱ्याचं तसं म्हणणं आहे. दुसरं, संध्याकाळी पायात वळवळ होते म्हणतात, पाय चेपून घेतात, उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. हे लिहायचं का? मला वाटलं वयाचं आहे.

गोधडी | शनिवार, दुपारी १२.३०

गोळी अजिबात बंद करू नका. रोजची झोपेची गोळी एकदम सोडली की दोन-चार रात्री झोप पार उडते, काहींना थरथर, घाबरणं, क्वचित फिट. तक्त्यात दिसेल ते गोळी सुटल्याचं चित्र, झोपेचं नाही. कुठली गोळी, किती, किती वाजता, एवढं रोज लिहा. बीपीची, लघवीची, थायरॉइडची असतील तर तीही वेळेसकट. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्री तीनदा जाग येते त्यातल्या दोन वेळांचा उलगडा तिथेच होईल.

पायांचं नक्की लिहा, आणि कुठल्या वेळी ते लिहा. बसल्यावर वा पडल्यावर सुरू होणं, चाललं की थांबणं, संध्याकाळी वाढणं, हे वयाचं म्हणून सोडायचं नसतं. अस्वस्थ पायांचा विकार असेल तर रक्तातलं लोह, विशेषतः फेरिटिन, तपासतात. त्यावर उपचार झाला की काहींची झोप झोपेचं औषध न घेताच सुधारते. अमेरिकन तक्त्यांमध्ये चहाकॉफी आणि दारू असते. आपल्याकडे तंबाखूचा रकाना हवाच. निकोटिन झोप उडवतं. आमच्याकडे आज्या मिश्री लावत नाही म्हणतात आणि 'फक्त दात घासते' म्हणून रात्री दहाला लावतात.

सावरी | शनिवार, दुपारी १.०५

मिश्री आहे. सकाळ-संध्याकाळ, आणि रात्री जाग आली तरही. विचारलं तर म्हणाल्या, "ते झोपेचं नव्हे, दाताचं आहे, लिहू नकोस." मी त्यांच्या मागे लिहून ठेवू का?

पिठलंभाकरी | शनिवार, दुपारी १.२०

नका हो. डॉक्टरांनी वाचून दाखवलं की घरात महाभारत.

गोधडी | शनिवार, दुपारी ४.५०

त्यांच्यासमोर लिहा, त्यांच्याच शब्दांत. 'दात घासले: रात्री २'. मला कळतं, तुमच्या डॉक्टरांनाही कळेल.